"डिस्क वाकल्यात" म्हणे: थरथरणाऱ्या स्टिअरिंगची एक केस

ब्रेक मारला की माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं, आणि त्याचं ठरलेलं कारण म्हणजे ब्रेकच्या डिस्क, चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड ज्यांना दाबून गाडी थांबवतात त्या लोखंडी तबकड्या, वाकल्यात. दीड वर्ष मी या दोन शब्दांवर डोळे झाकून विश्वास ठेवला. ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं, गॅरेजवाल्याने सांगितलं, ट्रॅकवर भेटलेल्या तीन जणांनी सांगितलं, आणि मीही पुढे दोन जणांना हेच ज्ञान वाटून मोकळा झालो. एकानेही मोजून बघितलं नव्हतं, माझ्यासकट. म्हणून ही सगळी केस पहिल्यापासून लिहून काढतोय, चुकांसकट, कारण चुका बहुतेक माझ्याच आहेत.

गाडी माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, म्हणजे १९९८ ते २००५ दरम्यान बनायची ती, उघडझाप हेडलाइट नसलेली. १.८ लिटरचं इंजिन, मागची चाकं ओढणारी, वजन हजार-साडेदहाशे किलो. मी घेतली तेव्हा चांगलीच वापरलेली होती पण सांभाळलेली होती, छताचं कापड सोडलं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. या गाडीचं एक सुख असं की १९८९ पासून ही मालिका चालू आहे आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली, त्यामुळे पार्ट्स, सुधारित पार्ट्स, सुधारित पार्ट्सचे सुधारित पार्ट्स, सगळं मिळतं. आता मागे वळून बघतो तर हाच सापळा होता. पार्ट सहज मिळत नसता तर मी आधी विचार केला असता. मिळतो, म्हणून मागवला.

सुरुवात पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, झाली. पॅड साधे रोडचे, ऑइल नवीन, टायर बरे, ब्रेक फ्लुइड कधी बदललं होतं देव जाणे. चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल मऊ पडायला लागलं, ते फ्लुइडमुळे. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडला कोरडं असताना उकळायला किमान २३० अंश लागावेत अशी अट आहे आणि पाणी मुरलेल्याला १५५, आणि ट्रॅकवर कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याला, १५५ म्हणजे काहीच नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं, फक्त केलं नव्हतं. तर पेडल मऊ झालं, मी घाबरलो, कूलिंग लॅप, म्हणजे ब्रेक थंड करायची सावकाश फेरी, न मारता सरळ पिटमध्ये, गाड्या उभ्या करायच्या जागेत, आलो, गाडी थांबवली आणि उतार असल्यामुळे ब्रेकवर पाय दाबून बसलो. चांगली दोन-तीन मिनिटं. एक जण खिडकीशी येऊन गप्पा मारत होता.

इथेच पहिली केस संपली होती खरं तर. तापलेल्या डिस्कवर तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की पॅडचा माल डिस्कवर छापला जातो, शिक्का मारल्यासारखा. दुसऱ्या दिवशी चाक काढलं तेव्हा उजव्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर करडा डाग दिसत होता, कडा सुद्धा स्पष्ट. मी त्याचा फोटो काढला, दोस्तांना पाठवला, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, डिस्क गेल्या, वाकल्या, बदल.

त्या डागाचं पुढे काय होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तो भाग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित जाड आणि वेगळ्या पकडीचा, त्यामुळे प्रत्येक फेरीत पॅड तिथे जास्त घासतो, तिथे जास्त उष्णता, म्हणून आणखी माल चिकटतो. डिस्क बिडाची असते, आणि अशी एकच जागा ६५०-७०० अंशांच्या वर जात राहिली तर बिडातल्या कार्बनचं सिमेंटाइट होतं, म्हणजे दगडासारखा कडक ठिपका. मग लेथवर घेतली तरी तो ठिपका आजूबाजूच्यापेक्षा कमी झिजतो आणि काही दिवसांनी परत वर येतो. म्हणजे डिस्क पापडासारखी वाकडी झालेली नसते, तिच्या अंगावर गाठी आलेल्या असतात. लक्षणं तीच, म्हणून सगळे "वाकली" म्हणतात.

असो. डिस्क बदलल्या. आणि बदलायच्याच आहेत तर साध्या कशाला, खाचावाल्या घेतल्या. भोकंवाल्या घेणार होतो, दिसायला झकास, पण ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात हे इतक्या वेळा बघितलंय की तेवढी अक्कल शिल्लक होती. नवीन पॅड, नवीन फ्लुइड. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. मी खूश.

साधारण साडेतीन हजार किलोमीटर खूश.

मग हळूहळू परत चालू झालं. आधी शंभरवरून हलका ब्रेक मारला की स्टिअरिंगमध्ये बारीक गुणगुण, मला वाटलं रस्ता. पंधरा दिवसांनी गुणगुणीची थरथर झाली, आणखी महिन्याने पेडलही पायाखाली नाचायला लागलं. सगळ्यात वाईट ११० ते ८० च्या मध्ये, त्याखाली आलं की कमी कमी होत साठला जवळपास गायब. जोरात ब्रेक मारला तर कमी जाणवायचं, हळू मारला तर जास्त.

आणि या वेळी ट्रॅकवर एकदाही गेलो नव्हतो. हे मी स्वतःला तेव्हा विचारायला हवं होतं की बाबा रे, डिस्क तापवल्याच नाहीत तर वाकल्या कशा. नाही विचारलं. कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं.

पुढचे सहा महिने मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण लाज वाटते. चाकं बॅलन्स केली, दोनदा. स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज टाकले, पेडल जरा टणक झालं, थरथर तशीच. समोरचे सस्पेन्शन बुश बदलले. कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर, बसवले, ते खरं तर बसवायचेच होते पण घरी सांगताना थरथरीचं कारण उपयोगी पडलं. या सगळ्यातून एकच गोष्ट हाती लागली ती म्हणजे ब्रेक न मारता १२० ला जी वेगळी थरथर यायची ती गेली. ती अलॉय चाकांमुळे होती. या गाडीच्या हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाचा, मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा, माझ्या बाजारू अलॉयचं भोक ७३.१ चं, मधला फरक प्लास्टिकच्या रिंगने भरून काढायचा असतो, आणि चारपैकी एक रिंग गायबच होती, दुसरी ट्रॅकच्या उष्णतेने अंडाकृती झाली होती. चारही अॅल्युमिनियमच्या घातल्या, विषय संपला.

ही दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती आणि त्याने सगळ्यांचाच गोंधळ झाला. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी आधी ही फोड करा: ब्रेक न मारता थरथरतं की फक्त ब्रेक मारल्यावर. न मारता असेल तर चाक, टायर, बॅलन्स, रिंग, तिकडे बघा. फक्त ब्रेकवर असेल तर पुढचं की मागचं ते बघा, स्टिअरिंग हलत असेल तर बहुतेक पुढचं, सीटखाली जाणवत असेल तर मागचं. माझ्या गाडीत हँडब्रेक मागच्या डिस्कवरच चालतो, म्हणून रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, मध्यम वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढून बघितला. काहीच थरथर नाही. म्हणजे मागचं निर्दोष, भानगड पुढे.

तर पुढच्या डिस्कचा तिसरा सेट मागवला. या वेळी साध्या, खाचांचा मूड गेला होता. खोके घरी येऊन पडले, आणि त्या रविवारी एका मित्राचे मामा त्याच्याबरोबर आले होते. मामा म्हणजे आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेला माणूस, गाड्यांचं अजिबात वेड नाही, स्पोर्ट्स कार बघून त्यांची पहिली प्रतिक्रिया "मागे बसायचं कुणी?" अशी होती. मी चाक काढून ठेवलेलं, डिस्क बदलायच्या तयारीत.

"ही का काढतोयस?"

"वाकलीय मामा."

"किती?"

मी म्हटलं किती म्हणजे, वाकलीय, ब्रेक मारला की हलतं सगळं. ते म्हणाले हलतं ते कळलं, किती वाकलीय? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामा खाली बसले, डिस्क हाताने फिरवून बघितली आणि म्हणाले, "म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. थांब, काढू नकोस, मी डायल घेऊन येतो."

पुढच्या रविवारी मामा लाकडी पेटी घेऊन हजर. डायल गेज (टोक किंचित सरकलं तरी काट्यावर दाखवणारं), चुंबकाचा स्टँड, आणि हजारांश मिलिमीटर वाचणारा मायक्रोमीटर. हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण खरी केस इथेच आहे.

गाडी जॅकवर नाही, जॅक स्टँडवर. आधी मामांनी हब दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला, बेअरिंगला खेळ असेल तर डायल खोटं बोलतं. खेळ नव्हता. मग डिस्क हबच्या स्टडवर, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, नटांनी घट्ट केली, चाक नाही म्हणून नटांखाली जाड वॉशर घालून, चारही नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच पिळणाऱ्या पान्याने, सारखे. हे महत्त्वाचं आहे, डिस्क नुसती लटकत असेल तर तुम्ही तिचं लटकणं मोजता. स्टँडचं चुंबक सस्पेन्शनच्या लोखंडी भागाला, डायलचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत. शून्य केलं. मामा म्हणाले, "फिरव, सावकाश. हात डिस्कला नको लावूस, स्टडला धरून फिरव."

काटा निघाला, चढत गेला, चढत गेला, आणि मग परत उतरत शून्यावर आला. फेरीत एकदाच वर, एकदाच खाली. ०.१३ मिलिमीटर.

वर्कशॉप मॅन्युअलमध्ये गाडीनुसार या डगमगीची, म्हणजे रनआऊटची, मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१ असते. म्हणजे बाहेर होती. मी लगेच म्हटलं बघा मामा, वाकलीच आहे. मामांनी माझ्याकडे बघितलं ते शाळेतल्या मास्तरांनी बघावं तसं. मार्कर मागितला. एका स्टडवर ठिपका, डिस्कवर त्याच्याच समोर रेघ, आणि जिथे काटा सगळ्यात वर जात होता त्या जागी हबवर वेगळी खूण. मग नट काढले, डिस्क काढली, एक स्टड पुढे सरकवून परत बसवली. चार स्टड म्हणजे नव्वद-नव्वद अंशांनी चार जागा. प्रत्येक वेळी सारखा टॉर्क, प्रत्येक वेळी पुन्हा डायल.

०.१३, ०.११, ०.१०, ०.१२.

आकडा थोडा बदलत होता पण उंचवटा प्रत्येक वेळी त्याच स्टडच्या आसपास. डिस्क फिरली, उंचवटा नाही फिरला. "आता सांग, कोण वाकडं?" डिस्क वाकडी असती तर उंचवटा डिस्कबरोबर फिरला असता. तो हबला चिकटून होता.

डिस्क बाजूला ठेवून हबचा तोंडवळा बघितला तर वरवर ठीकच, तपकिरी, जुन्या गाडीचा असतो तसा. मामांनी नखाने खरवडलं. दोन स्टडच्या मुळाशी गंजाची खपली होती, कडक, जाडसर, आणि ज्या बाजूला खूण केली होती त्याच बाजूला. डिस्कच्या आतल्या बाजूला तिचा दाबलेला ठसा. मागच्या वेळी डिस्क बदलल्या तेव्हा मी स्वतः बसवल्या होत्या, हबवर कापड फिरवलं होतं, झालं. जुनी डिस्क गंजाने चिकटलेली म्हणून आट्यांच्या भोकांत बोल्ट पिळून काढली होती, तिचा अर्धा गंज हबवरच राहिला, आणि त्याच्यावर मी नवीकोरी डिस्क चढवली.

खपली जेमतेम पाच-सहा शतांश मिलिमीटरची, बोटाला धड कळणार नाही. पण डिस्क हबवर टेकते त्या गोलाचा व्यास साधारण १३० मिलिमीटर आणि डायल लावलं त्या गोलाचा २३५, म्हणजे मधली चूक कडेला जवळपास दुप्पट होते. ०.०६ चे ०.११ तिथेच झाले. बाकीचं इम्पॅक्ट गनचं, म्हणजे नट पिळायच्या यंत्राचं. टायरवाले आणि मी स्वतः, दोघंही चाक बसवताना गनने घर्रर्र करून मोकळे व्हायचो, एक नट खच्चून, शेजारचा ढिलाच. या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर हवेत, तेही समोरासमोरचे नट, दोन-तीन टप्प्यांत. गन किती लावते ते गनलाच माहीत.

आता माझा प्रश्न होता की रनआऊट बसवल्या दिवसापासून होतं तर साडेतीन हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी कशी थांबली. आणि हे मामांनाही माहीत नव्हतं, कारण ब्रेक हा त्यांचा विषय नाही. ते म्हणाले, "तुझा कॅलिपर कसा चालतो ते मला दाखव." दाखवला, आणि तिथेच उलगडलं. या गाडीचा कॅलिपर तरंगता आहे, पिस्टन एकाच बाजूला, अख्खा कॅलिपर दोन पिनांवर डावीउजवीकडे सरकतो. डिस्क नुसतीच डगमगत असेल पण जाडीला सारखी असेल तर कॅलिपर तिच्याबरोबर डगमगतो, पेडलला पत्ताही लागत नाही. म्हणून सुरुवातीला काही जाणवलं नाही.

पण ब्रेक सोडलेला असताना पॅड डिस्कपासून अगदी केसभर लांब असतो. डगमगणाऱ्या डिस्कचा उंचवटा प्रत्येक फेरीत पॅडला एकदा चाटून जातो. ब्रेक न मारता, हायवेवर, सेकंदाला पंधरा वेळा. हजारो किलोमीटर तेच चाटणं. डिस्क त्या जागी झिजते, किंवा पॅडनुसार उलट तिथे माल चिकटतो, काहीही झालं तरी डिस्कची जाडी एका जागी वेगळी होते. जाडी बदलली की पिस्टन प्रत्येक फेरीत मागे ढकलला जातो, फ्लुइडचा दाब वरखाली, पेडल नाचतं, स्टिअरिंग हलतं. डगमग हे मूळ, जाडीतला फरक हे फळ, आणि फळ धरायला साडेतीन हजार किलोमीटर लागले. जाणवतं ते फळ.

मायक्रोमीटरने तेही मोजलं, कडेपासून पंधरा मिलिमीटर आत, आठ जागी. सगळ्यात जाड १९.७४२, सगळ्यात पातळ १९.७१४. फरक २८ मायक्रॉन, म्हणजे ०.०२८ मिलिमीटर. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉनचा धरला तर निम्म्याहूनही कमी, आणि त्याने हजार किलोची गाडी थरथरते. पंधरा-वीसच्या पुढे गेलं की हाताला जाणवायला लागतं असं धरून चाला. नवी डिस्क २० मिलिमीटरची, कमीत कमी जाडी १८, म्हणजे झिजेच्या हिशोबाने ही डिस्क अजून तरुण होती.

आणि ११० ते ८० चं कोडं. माझे टायर १९५/५० आर १५, घेर साधारण १.८ मीटर. शंभरच्या वेगाला सेकंदाला जवळपास २८ मीटर, म्हणजे पंधराएक फेऱ्या. फेरीत एक धक्का म्हणजे सेकंदाला पंधरा धक्के, आणि पुढचं सस्पेन्शन-स्टिअरिंग हे सगळं मिळून साधारण याच पट्ट्यात आपणहून झुलायला तयार असतं. झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं. साठला नऊच धक्के, झोका जुळत नाही. थरथर त्या वेगाला जन्मत नव्हती, फक्त मोठी होत होती.

डाव्या बाजूला ०.०५ निघालं, जाडीत फरक ९ मायक्रॉन. म्हणजे सगळा तमाशा एका उजव्या हबचा.

उजव्याच बाजूला आणखी एक पाप सापडलं. कॅलिपरची खालची पिन हाताने सरकेना. तिच्यावरची रबरी नळी फुगून गच्च बसली होती, कारण मी वर्षापूर्वी तिला हाताशी होतं ते साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं होतं. ब्रेकमधलं हे रबर ब्रेक फ्लुइडला टिकतं, खनिज तेलाला नाही, फुगतं. त्याला सिलिकॉनचं किंवा रबरासाठीचं म्हणून मिळतं तेच ग्रीस हवं. पिन अडकली की कॅलिपर धड सोडत नाही, पॅड डिस्कला टेकून राहतो, चाटणं दुप्पट. या पिनेमुळेच इतक्या लवकर झालं का, की नुसत्या खपलीनेही तेवढंच झालं असतं? मला वाटतं पिनेचा वाटा मोठा होता. मामांचं मत खपली. आमचं यावर अजून जमत नाही.

दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली म्हणून जास्त लिहिण्यासारखं नाही. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, स्टडच्या मुळाशी कोपऱ्यात टोकदार खरवडणीने, लोखंड चकचकीत होईपर्यंत. नुसत्या हबच्या तोंडाला डायल लावलं, ०.०२, हब सरळ. डिस्कच्या आतली बाजूही तशीच साफ केली. त्याच जुन्या खाचावाल्या डिस्कला परत चढवून मोजलं तर ०.०४. म्हणजे "वाकलेली" डिस्क दहा मिनिटांत सरळ झाली. जाडीतला फरक अर्थातच तसाच होता, तो ब्रशने जात नाही. तिसरा सेट घरात होताच, तो बसवला, ०.०३. पिना आणि रबर नवीन.

पॅडही नवीन घेतले, कारण जुन्या पॅडची सवय जुन्या डिस्कला. आणि या वेळी बेडिंग नीट केलं, जे मागच्या वेळी "चालवता चालवता होईल" म्हणून सोडलं होतं. रिकामा रस्ता, शंभरवरून तीसपर्यंत बऱ्यापैकी जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, परत ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला फारसा हात न लावता थंड करत घरी. पॅडचा पातळ सारखा थर डिस्कवर सगळीकडे बसायला हवा, कुठे एका जागी शिक्का नको. मध्ये एक सिग्नल लाल मिळाला तेव्हा मी गियर न्यूट्रलला टाकून हँडब्रेकवर उभा होतो, मागचा माणूस काय म्हणत असेल ते म्हणो.

खाचावाला सेट मामांच्या ओळखीच्या लेथवर नेला, खाचांमुळे टूल टकटक करत होतं म्हणून हळूहळू घेतला, दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिलिमीटर गेलं, जाडीतला फरक ५ मायक्रॉनवर आला. तो आता ट्रॅकचा सेट आहे, ट्रॅकच्या पॅडबरोबर जोडीने. एका डिस्कवर दोन वेगवेगळ्या मालाचे पॅड आलटून पालटून वापरायचे नाहीत, हेही मी करत होतो, ती वेगळी गोष्ट. डिस्क बदलताना दर वेळी हब घासायचा, त्याला जेमतेम पाच मिनिटं. डायल आणि स्टँड मी स्वतःचं घेतलं, दोन्ही मिळून डिस्कच्या एका सेटपेक्षा स्वस्त पडलं, आणि टॉर्क रेंच तर माझ्याकडे होताच, भिंतीवर, शोभेला. टायरवाल्याकडून आलं की घरी नट सैल करून परत स्वतः लावतो. तो वैतागत नाही, त्याला माहीतच नाही.

परवा आठ हजार किलोमीटर झाले, म्हणजे मागच्या वेळी जिथे सुरू झालं होतं त्याच्या दुपटीहून पुढे. मधे दोन ट्रॅक डे, खाचावाल्या सेटवर. शंभरवरून हलका ब्रेक, स्टिअरिंगवर फक्त दोन बोटं, काही नाही. तरी मामांना बोलावलं, मोजलं, उजवीकडे ०.०४, जाडीत ६ मायक्रॉन. मी विजयी मुद्रेने चहाचं विचारलं.

मामा डायल पुसत होते. म्हणाले, "तो पहिला सेट, ट्रॅकवर डाग पडलेला, तो किती होता?"

"तो... मोजला नाही मामा. भंगारात दिला."

"डाग घासून बघितला होतास?"

नव्हता. मामांनी डायल पेटीत ठेवलं, कडी लावली, आणि म्हणाले, "चहा टाक."